जुम्म्याच्या बागेचं फाटक

आंधळ्या माणसाला मी एकदा बागेच्या फाटकावर अडवलं, आणि वर त्यालाच बजावलं, "आत बायका हाईत, तिकडं बघू नका." अकरा वर्षांची होते. अक्कलदाढ यायला अवकाश होता, तोरा मात्र पुरता आला होता.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. हिंगोलीत छावणीच्या काळापासूनची एक बाग होती. वैशाखात कयाधू नदी आटली की सगळ्या गावात गार जागा तेवढीच. त्या वर्षी कचेरीतल्या मोठ्या साहेबाच्या बेगमनं नवा रिवाज काढला, की दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारी बाग फक्त बायकांची. माळी, चौकीदार, पुरुष म्हणून जो जो असेल तो बाहेर. मग फाटकावर बसायचं कोणी? वडील त्याच कचेरीत कारकून, म्हणून बेगमनं माझ्याकडं बोट केलं. पडद्यात घालायला लहान आणि ओरडायला पुरेशी मोठी अशी मीच होते. हातात कडुलिंबाची छडी घेऊन पहिल्याच जुम्म्याला मी असा रुबाब केला, की आजही आठवलं तर पदर तोंडावर ओढावासा वाटतो.

तो म्हातारा रंगारी होता. डोळे गेल्यापासून रोज दुपारी चार वर्षांच्या नातीचं बोट धरून यायचा आणि चिंचेखाली आडवा व्हायचा. घरावर पत्रे, दुपारी आत भट्टी पेटल्यासारखी. नव्या रिवाजाचं त्याला कोण सांगणार?

छडी छातीला लागली तसा तो थांबला. "कोण हाय?"

"आज बायकांचा दिवस हाय. पुरुष आत न्हाई."

"बेटी, मला दिसत न्हाई."

"तरी पुरुषच न्हवं तुमी?"

तो हसला. "ते तर हाव." मग म्हणाला, "मंग हिचं काय?"

नात फाटकाच्या गजांतून झोका बघत होती. मी नियम ताडून पाहिला. ती नियमात बसत होती.

"ही पोरगी हाय, हिला येऊ द्या," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातून तिचं बोट सोडवून घेतलं. "तुमी इथंच बसा. हलू नका, न्हाई तर बाहेर आल्यावर ही तुमाला कुठं शोधल?"

भिंतीपाशी हातभर सावली उरली होती. तिथं त्याला बसवलं, आतून कडी घातली आणि पोरीला घेऊन पळाले. नियमही पाळला आणि लेकरावर दयाही केली, मला माझाच केवढा अभिमान वाटून राहिला होता. अशी ती राखणदारीण, फाटक सोडून झोक्यावर. म्हाताऱ्यानं हाक मारलीही असेल. आमच्या गलक्यात ऐकतंय कोण.

दिवस कलल्यावर बागेतल्या बायकांबरोबर घरी निघालेल्या माझ्या आईनं कडी काढली. सावली केव्हाच सरकली होती आणि म्हातारा होता तिथंच होता, मांडी घालून, डोक्याचा रुमाल तोंडावर ओढून. ओठांना भेगा पडलेल्या. दहा पावलांवर कडुलिंबाचं मोठं झाड होतं, कुणाही डोळसाला दिसेल असं. आईनं रांजणातलं पाणी आणलं तर वाटी त्याच्या हातात ठरेना. तिनंच ती ओठाला लावली.

"मामू, उठून सावलीत काहून न्हाई गेलात?"

"हलू नका म्हणाली न्हवं ती पोरगी," तो म्हणाला. "नात बाहेर येऊन मी दिसलो नसतो तर लेकरू भ्यालं असतं."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं आणि माझ्या हातातली छडी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ताकाचा तांब्या देऊन तिनं मला एकटीलाच त्याच्या घरी धाडलं. तो बाजेवर पडून होता, अंगात ताप. नात शेजारी बसून झोका कसा वर जातो ते हातानं त्याला सांगत होती. वाटेत पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना. तांब्या धरून उभी राहिले आणि रडायला लागले. त्यानं आवाजावरून ओळखलं.

"रडून नको राहू, बेटी. लेकरू झोक्यावर बसलं, ते बराबर झालं. फकस्त पुढच्या जुम्म्याला मला आधी त्या लिंबाखाली बसव, मंग हिला आत ने."