सर्वानुमते मंजूर

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीवर मी प्रबंध लिहिला. त्यासाठी लागणारे कागद घरातच आहेत याचा मला फार गर्व होता. वडील कित्येक वर्षं चाळ कमिटीचे चिटणीस. त्यांच्या मागे सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या राहिल्या. बाकीचे संशोधक कागदांसाठी दारोदार फिरायचे, मी पलंगाखालची ट्रंक ओढायचे.

गाडी अडली ती तळमजल्यावरच्या खोलीपाशी. तिथे समोरच्या काकू बालवाडी चालवायच्या. मीही त्यांच्याकडेच शिकले. पुढे कमिटीने ती बंद करून खोली गोदामाला दिली. मुलाखतीत काकू म्हणाल्या, "भर मीटिंगमध्ये उभी राहून मी नाही म्हटलं होतं. माझ्यामागे आठ-दहा बायका होत्या. हे तेवढं लिही हां." वहीत मात्र एकच ओळ होती: 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

मार्गदर्शक म्हणाले, आठवणी वयाबरोबर बदलतात, कागद बदलत नाही. मला ते पटलं. खरं तर सोयीचं वाटलं. बालवाडी बंद करायला कोणाचाच विरोध नव्हता, असं मी लिहून मोकळी झाले. काकूंचं म्हणणं तळटीपेतसुद्धा घेतलं नाही.

लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते. ती वही कशी तयार व्हायची हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सभा रविवारी संध्याकाळी, आणि वडील इतिवृत्त दुपारी जेवण झाल्यावरच लिहून ठेवायचे. शेजारी बसून समास मी आखून द्यायचे. सभेत कितीही वाजलं तरी त्यात नंतर काना-मात्रा बदलत नसे. चाळीची भांडणं वहीत कशाला, असं त्यांचं म्हणणं. एवढं माहीत असूनही त्यांचं अक्षर दिसलं आणि मी डोळे झाकून विश्वास ठेवला.

पदवी मिळाल्यावर पेढे, हिंदमाताला घेतलेली साडी आणि प्रबंधाची प्रत घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, ते पान शोधून काढलं, दोनदा वाचलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा ठेवता ठेवता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं मी समजू शकते. त्यांना याच चाळीत सगळ्यांशी जमवून घ्यायचं होतं. तुझं काय अडलं होतं गं?"

प्रबंध आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. उद्या कोणी आमच्या चाळीवर लिहायला बसेल तेव्हा विचारायला काकू नसतील, आणि पुरावा म्हणून माझंच पान उघडलं जाईल.