गडगडलं की प्लग काढायचा

वाचनालयाचं सॉफ्टवेअर फुकटचं आणि ते सांभाळणारा मीही फुकटचा. रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत ज्या वाचनालयांनी ते घेतलं, त्या सगळ्यांचे फोन मला. जुन्या व्हर्जनला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत, असं ते बनवणाऱ्या मंडळींनी जाहीर केलं आणि माझ्या जेवणाची चव गेली. "बटण कुठे गेलं?" "हिरवं होतं ते निळं का झालं?" मी केलं का निळं?

मांडवीजवळच्या वाचनालयातल्या बाई मात्र कधी कटकट करायच्या नाहीत. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. जुन्या मासिकांतला, दिवाळी अंकांतला एकेक लेख वाचून तो कशावर आहे ते कॉम्प्युटरवर चढवायचं, यात त्यांची अर्धी नोकरी गेली. कुणी खारव्यांच्या होड्यांवर विचारो नाहीतर आंब्याची कलमं बांधण्यावर, बाई चहा येईपर्यंत अंक काढून द्यायच्या. या नोंदींची जुनी कागदी कार्डं वाचनालयाच्या समितीने केव्हाच रद्दीत घातली होती.

"एवढं नव्यात नीट जाऊ दे रे," म्हणाल्या, "मग मी सुटले."

मी त्या दिवशी मालगुंडला अडकलो होतो, म्हणून फोनवरूनच सगळं केलं. बॅकअप घेतलात ना, विचारलं. घेतला, पेन ड्राइव्ह पर्समध्ये आहे, म्हणाल्या. अपग्रेड सुरू करून दिलं आणि मधे बंद करू नका म्हणून बजावलं.

दुपारी परतीचा पाऊस गडगडायला लागला. आमच्याकडे वीज चमकली की हात आधी प्लगकडे जातो. टीव्ही, फ्रीज, सगळं भिंतीपासून तोडायचं, ही लहानपणापासूनची शिकवण. बाईंनी तेच केलं. कॉम्प्युटर जळू नये म्हणून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला आणि कॉम्प्युटरचा यूपीएसमधून. डेटा अर्धा जुना, अर्धा नवा, असा मधेच मेला.

पेन ड्राइव्ह उघडला तर आत सॉफ्टवेअरचं आयकॉन. स्क्रीनवरचं ते चित्र तेवढं त्यांनी कॉपी केलं होतं आणि त्यात सगळं आलं असं समजल्या होत्या. मी कपाळावर हात मारला. इंटरनेटवर मदत मागितली तर कुणीतरी लिहिलं, बॅकअपवरून परत आणा. डोंबलाचा बॅकअप.

डिस्क पुण्याला एका जाणकाराकडेही पाठवून पाहिली. पुस्तकांची थोडी नावं परत आली. लेखांचं काहीच नाही. ते सांगायला गेलो तेव्हा मी चिडलेलोच होतो, चार शब्द सुनावायचे असं ठरवूनच गेलो होतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि कपाटांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे पहिल्यापासून," म्हणाल्या. "आणि माझ्या जागी कुणाला घेणार नाहीयेत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण त्याचा त्यांना काय उपयोग?

बाहेर पुन्हा गडगडलं. माझी नजर प्लगकडे गेली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मीच उठायला लागलो.

"बस रे," त्या म्हणाल्या. "आता त्यात जायचं काय राहिलंय?"