देवाला बोललेला मुलगा

आम्हा दोघी बहिणींच्या पाठीवर मुलगा व्हावा म्हणून आई नवस बोलली होती. मुलगा दे, तो तुझ्याच सेवेला देईन. आम्हा पोरींसाठी देवाकडे कुणी काही मागितलंच नव्हतं, म्हणून आम्ही मोकळ्या. भाऊ मात्र जन्माआधीच बांधला गेला. लहानपणी त्याने कुणाच्या चिंचा पाडल्या तरी चर्चमधलं कुणीतरी ऐकवायचं, "देवाचं लेकरू हाय, असं वागत्यात व्हय?"

राहुरीला शेतीचं शिकून तो नेवाशाजवळच्या आमच्या गावी परतला आणि त्याने गोठा घातला. गेल्या वर्षी आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. पाळक होण्याच्या शिक्षणासाठी याचं नाव पाठवायचं म्हणाले. मी तेव्हा माहेरी होते.

"साहेब, मला न्हाई जायचं. माझं मन गोठ्यात हाय," भाऊ म्हणाला.

"देवाला नाही म्हणतोस?"

माझं डोकं सणकलं. "साहेब, आपण डाळिंबाच्या बागेला तारेचं कुंपण घालतो. देवाने त्या पहिल्या बागेत ज्या झाडाचं फळ खाऊ नका म्हटलं, त्याला घातलं होतं का?"

"नव्हतं. म्हणून पुढे काय झालं, ठाऊक आहे ना?"

"आहे. तरी देवाने घातलं नव्हतं. तुम्ही याला का घालता?"

साहेबांनी बशीत चहा ओतला आणि आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत होती. "मला भ्या वाटतं," ती म्हणाली. "बोललेलं न्हाई फेडलं, तर देव त्याला माघारी न्हेईल."

म्हणजे इतकी वर्षं ही बाई त्याच्या प्रत्येक तापात मरणच पाहत होती! आणि साहेब बशीतला चहा पीत होते. देव असा पोरं ओढून नेत नाही, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. आईचा चेहरा बघून भाऊच म्हणाला, "जातो मी." साहेबांनी लगेच प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत.

रविवारी चर्चमध्ये त्याला सगळ्यांपुढे उभं केलं. साहेबांनी विचारलं, "तू स्वखुशीने जातोस का?" भावाने तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"न्हाई."

आई उभी होती. "त्याची खुशी न्हाई, साहेब. बोलले मी हुते. त्यो तवा नव्हताच. काय व्हायचं त्ये माझं हुईल."

साहेब अजून सांगतात की त्या दिवशी तिचा विश्वास ढळला. ढळला म्हणे! देव मुलगा नेईल असं मनापासून वाटत असताना ती उभी राहिली. साहेबांना आयुष्यात कधी एवढं काही पणाला लावावं लागलं आहे का?

भाऊ आता रोज गाडीवरून डेअरीत दूध घालायला जातो. तो परतेपर्यंत आई दारातून हलत नाही, ओठ हलत असतात. ती भीती तिच्या मनात देवाने घातली, असं मला कुणी सांगू नये.