बोटांची इर्जिक

ह्यून नदीवरचं धुकं बागेत शिरलं की टॅट्नेलांच्या शेडमध्ये उजेडाच्या आधी वास येतो. चिरडलेल्या सफरचंदांचा, थोडा गोड, थोडा आंबूस. दिवस कसा जाणार हे नोलीन डगनला त्या वासावरूनच कळायचं. गेल्या वर्षापासून मात्र शेडमध्ये पाऊल टाकलं की ती आधी मान खाली घालून फोन बघायची.

फोनमध्ये एक आकडा असायचा. त्यांच्या सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, जाहिरात हजार माणसांच्या फोनवर झळकली, तर त्यातल्या किती जणांनी तिच्यावर बोट टेकवलं, तो आकडा. शेडचा मालक फर्गस टॅट्नेल, त्याला मेलबर्नच्या एका सल्लागाराने सांगून ठेवलं होतं, की दारूच्या जाहिरातीला हजारी नऊ बोटं मिळाली तर ती बरी चालली म्हणायची. त्याखाली राहिलात तर हे काम आम्हाला देऊन टाका, त्यात कमीपणा नाही. फर्गसने हंगाम संपेपर्यंतची मुदत दिली होती. नोलीनचा आकडा पाच होता.

हे काम गेलं तर दुसरं काम नव्हतं. पंधराव्या वर्षी ती पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभी राहिली ती चाळीस वर्षं उभीच होती. आधी सफरचंदं निवडायला, मग ती कागदात गुंडाळायला, मग फर्गसच्या वडिलांच्या काउंटरवर, येणाऱ्याजाणाऱ्याला सायडरचा घोट चाखवायला. उजवा गुडघा बदलावा लागला आणि उभं राहणं संपलं. तेव्हा फर्गस म्हणाला होता, "बसून करायचं काम आहे एक. फोनवरचं. तुला सगळे ओळखतात, तू बोलतेस छान, जमेल तुला." त्यात उपकाराची भाषा नव्हती, म्हणून तिने हो म्हटलं.

जमलं मात्र सहजासहजी नाही. दारूची जाहिरात म्हणजे हातपाय बांधून शर्यतीत पळवणं. नियमाने पंचविशीच्या आतलं दिसणारं माणूस चित्रात नको. पोहणारं नको, होडी चालवणारं नको. प्यायल्यावर सुख वाटेल असं सुचवायचं नाही, चार मित्र मिळतील असंही नाही.

"मग दाखवायचं काय?" तिने फर्गसला विचारलं होतं.

"सफरचंद दाखव."

"नुसतं?"

"नुसतं कसं, कुणाच्या तरी हातात."

त्याची बहीण तिशीची, पण दिसायची विशीची. पट्ट्यावरच्या मुली खरोखरच विशीच्या. शेवटी नोलीनने स्वतःचाच हात दिला. नखाखाली काळी रेघ, अंगठ्यावर जुना व्रण, तळव्यात एक सफरचंद. "या हाताला कुणी पंचविशीचा म्हणणार नाही," फोटो काढताना ती म्हणाली होती, आणि फर्गस हसून हसून कॅमेरा हलवत राहिला होता.

तोच हात एप्रिलच्या एका सोमवारी हजारी सतरावर गेला. मंगळवारी बावीसवर.

फर्गस धावतच आला. कोपरापर्यंत चोथा लागलेल्या हातांनी त्याने तिला मिठी मारली. "नोलीन! बावीस! मेलबर्नवाल्यांना म्हणावं, शिका जरा! शुक्रवारी फोन करून सांगतो त्यांना, गरज नाही म्हणून. आणि हंगामाचे उरलेले पैसे सगळे या हातावर लावतो."

"थांब ना जरा," ती म्हणाली.

"कशाला थांबू?"

तिने फोन पुन्हा उघडून आकडा बघितला. आनंद झालाच होता. तो खांद्यावरच्या चोथ्यासारखा चिकटून बसला होता. पण पॅकिंगमध्ये वाढलेलं माणूस खोक्याचा वरचा थर बघून भुलत नाही. वर लाल चकचकीत फळं रचलेली असली की हात आपोआप खालच्या थराकडे जातो. बोटं वाढली, बाटल्या मात्र तेवढ्याच जात होत्या. बावीसच्या खाली काय आहे, ते तिला दिसेना.

ते दिसलं बुधवारी, बंबवाल्यांच्या हॉलमध्ये.

गावच्या आगीच्या बंबाची सगळी माणसं हौशी, बिनपगारी. बुधवारी दुपारी त्यांतली वयाने निवृत्त झालेली मंडळी हॉलमध्ये चहाला जमतात. नोलीन दारातून आत आली तेव्हा किटली उकळत होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चौदा-पंधरा पांढरी डोकी फोनवर वाकलेली. मधोमध मर्ल उभी. मर्ल नोलीनपेक्षा सोळा वर्षांनी मोठी. गुडघ्याच्या डॉक्टरकडे दर वेळी तीच नोलीनला गाडीने न्यायची.

"नुसतं बघायचं नाही! दाबायचं!" मर्ल ओरडत होती. "क्लॅरी, दाबलंस का?"

"दाबलं."

"काय उघडलं?"

क्लॅरीने फोन डोळ्यांपासून लांब धरला. "फरशा. न्हाणीघराच्या."

"अरे देवा! याला कुणीतरी हात दाखवा रे, नोलीनचा हात! सफरचंदवाला!"

"हा माझा हात," नोलीन म्हणाली.

सगळी डोकी वर झाली. मर्लच्या चेहऱ्यावर, पोराच्या वाढदिवसाचा केक पोरानेच आधी पाहिल्यावर आईच्या चेहऱ्यावर येतात तसे भाव आले.

"तुला कळायचं नव्हतं," ती म्हणाली.

"काय चाललंय मर्ल?"

"काही नाही. तू गाडीत म्हणालीस ना, नऊ झाले नाहीत तर काम जाईल. मी कुणाला नाही हो सांगितलं. फक्त बंबवाल्यांना."

"आणि चर्चमध्ये," क्लॅरी म्हणाला.

"चर्चमध्ये सांगावं लागतं क्लॅरी, ते प्रार्थनेत येतं." मर्लने नोलीनला हाताला धरून खुर्चीत बसवलं. "हे बघ पोरी, मी उभ्या जन्मात थेंब चाखला नाही, माझा बापही नाही. पण सकाळी उठून दाबते, झोपताना दाबते. तुझं काम जातं कसं तेच बघते मी."

या खोऱ्यात कुणाचं छप्पर उडालं, कुणाचं कुंपण पुरात गेलं, की शनिवारी माणसं हातोडे-करवती घेऊन दारात उभी राहतात. बोलावणं लागत नाही, आभार मानलेले खपत नाहीत. आपल्या इर्जिकीचीच रीत ही. नोलीनचा बाप आजारी पडला तेव्हा त्याची सफरचंदं याच हातांनी उतरवली होती. आता त्याच हातांनी तिच्या आकड्याची इर्जिक घातली होती.

त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं, की प्रत्येक बोटामागे फर्गसच्या खिशातून पैसे जात होते. आणि जाहिरात कुणाला दाखवायची ते ठरवणाऱ्या यंत्राला माणसाची ओळख नसते. बोट पडेल तिकडे ते धावतं. खोऱ्यातले म्हातारे दाबतात म्हटल्यावर ते जाहिरात खोऱ्यातल्या आणखी म्हाताऱ्यांना दाखवत होतं. होबार्टमध्ये, जिथे सायडर विकत घेणारी माणसं राहतात, तिथे नोलीनचा हात कुणाला दिसेनासाच झाला होता.

तिने त्यांना हे सांगितलं नाही. चहा प्यायली, मर्लने शिंपल्यांचं सारण भरून भाजलेली पाई खाल्ली, आणि बाहेर येऊन गाडीत बसली. किल्ली हातातच राहिली. गप्प राहणं अवघड नव्हतं. शुक्रवार दोन दिवसांवर. फर्गसने मेलबर्नला नाही म्हटलं की म्हटलं. मग आकडा हळूहळू खाली आला असता, हंगाम संपला म्हणून आला असं म्हणता आलं असतं. काचेपलीकडे मर्ल अजून क्लॅरीच्या खांद्यावरून वाकून बघत होती. नोलीनला तिचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच त्रास व्हायला लागला.

तिने गाडी घराकडे वळवली नाही, शेडकडे वळवली.

फर्गस सफरचंदं पिळायच्या प्रेसपाशी होता. रस पिंपात उतरत होता.

"फर्गस, ती माणसं आपलीच आहेत."

"कुठली?"

"बोटं टेकवणारी. मर्ल, क्लॅरी, बंबवाले. माझं काम राहावं म्हणून दाबतायत."

"मर्ल? पण मर्ल पीत नाही."

"तेच सांगतेय."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. पिंपाकडे बघत राहिला. "मग खरा किती?"

"खोरं वगळल्यावर कळेल. पाच. फार तर सहा."

"हे तू शुक्रवारनंतर सांगितलं असतंस तर—"

"तर तुझे सगळे पैसे क्लॅरीच्या बोटावर गेले असते. आणि त्याला फरशाच दिसतात."

या वेळी तो हसला नाही. फडक्याला हात पुसत म्हणाला, "काढ मग वर्तुळ," आणि पुन्हा प्रेसकडे वळला.

वर्तुळ म्हणजे जाहिरात कुठे दिसू नये त्याची नकाशावरची खूण. नोलीन काउंटरवर बसली, नकाशा उघडला आणि बोटाने वर्तुळ ओढत नेलं. हॉल आत आला. चर्च आलं. नदीचं वळण, मर्लचं घर, तिचं स्वतःचं. मग ते गवताळ कुरण, जिथे तिच्या बापाची बाग होती. ती सात वर्षांची असताना इंग्लंडने इथली सफरचंदं घेणं कमी केलं आणि सरकारने झाडं उपटायला पैसे दिले. मुळं वर करून पडलेल्या झाडांमध्ये बाप टोपी काढून उभा होता, तो तिला अजून दिसायचा. वर्तुळाच्या आतला भाग करडा झाला. खाली सूचना आली, हा प्रदेश वगळला. तिने बराच वेळ बोट उचललं नाही.

गुरुवारी आकडा चारवर आला. शुक्रवारी सकाळी सहा झाला आणि तिथेच बसला.

फर्गसने मेलबर्नला फोन तिच्यासमोरच लावला. ती पेले पुसत राहिली; ते आधीच कोरडे होते.

"सहा," तो म्हणाला. "हो, माहितेय नऊ नाही... बावीस? ते चुकून होतं... नाही, आत्ता नको. हिवाळा जाऊ दे, मग बोलू." फोन ठेवून तो नोलीनकडे वळला. "हिवाळा संपेपर्यंत. त्यापुढचा शब्द मी देत नाही."

"मी मागितलाय का?"

"नाही मागितलास." तो दाराशी जाऊन थांबला. "हात तोच ठेव. होबार्टच्या एका बाईने सहा बाटल्या मागवल्यात. लिहिलंय, माझ्या आईचा हात असाच होता."

पुढच्या बुधवारी हॉलमध्ये गोंधळ होता. मर्ल फोन टेबलावर आपटत होती. "गेला! तुझा हात कुठेच दिसत नाही. या क्लॅरीने काहीतरी भलतंच दाबलं असणार."

"मी नाही," क्लॅरी म्हणाला. "माझ्याकडे फरशा येतायत अजून."

नोलीन खुर्चीत बसली, गुडघा लांब केला. मग तिने सगळं सांगितलं, बोटामागच्या पैशांसकट. क्लॅरीने फोन हळूच उलटा करून ठेवला. मर्लचे कान लाल झाले.

"म्हणजे आम्हीच तुझं..."

"छप्पर बांधायला आलात, ते शेजारच्या घरावर बांधलंत. एवढंच."

"आणि काम?"

"हिवाळा संपेपर्यंत आहे."

मर्लने सुरी उचलली, समोरच्या पाईवर टेकवली, मग पुन्हा वर घेतली. "म्हणजे आता तुझी जाहिरात आम्हाला दिसत नाही, याचा अर्थ ती नीट चालली आहे?"

"हो."

"विचित्रच बाई धंदा," मर्ल म्हणाली, आणि सगळ्यांत मोठा तुकडा कापून तिने नोलीनच्या ताटलीत ठेवला.