कोणाच्या मापानं बसवायचा?

सराफाच्या दुकानात काम करणाऱ्यांना लोक घरी बोलावून किस्से विचारतात. मी शहागंजात कमोड विकते, तर नातेवाईक म्हणतात, "ताई, जेवताना नको हं!" मग हात धुऊन झाले की तेच खुर्ची जवळ ओढतात, "हं, आता सांग." मी काही मुद्दाम जमवत नाही. काउंटरमागे उभं राहिलं की आपोआप साठत जातात.

* * *

पहिली अडचण म्हणजे मी बाई. एकदा एक साहेब आले, कडक इस्त्रीतले.

"कोणी जेन्ट्स नाही का?"

"मालक नमाजाला गेलेत. बोला ना, काय दाखवू?"

"काही नाही, सहज."

अर्धा तास त्यांनी बेसिनं पाहिली, नळ उघडझाक केले, शेवटी टॉवेल अडकवायची एक रिंग घेतली आणि गेले. थोड्याच वेळात दुकानाचा फोन वाजला.

"हॅलो, तुमच्याकडे ते... भिंतीला लावतात ते... असतं का?"

"असतं ना! काचेतून दिसताय साहेब, समोरच्या रसवंतीपाशी उन्हात कशाला उभे राहता, आत या!"

* * *

भिंतीला लावतात ते म्हणजे वॉल-हंग कमोड. जमिनीला कुठंच टेकत नाही, टाकी भिंतीत लपलेली, बाहेर फक्त दोन बटणं. दिसायला झकास, पण बसायची भीती वाटते. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुटला तर?"

यावर आमचे मालक रफिकभाई वाद घालत नाहीत, बसतात. शोरूममधल्या कमोडवर पायावर पाय टाकून बसतात आणि चहा मागवतात. "देखो, पूरा वजन देके बैठा मैं. कुछ हुआ क्या? नक्को घबराओ."

पुढं पुढं त्यांना तिथं बसायची सवयच लागली. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं, तरी ते तिथंच पेपर वाचत बसलेले. तेवढ्यात काचेचं दार उघडून एक कुटुंब आत आलं. पुढच्या काकांनी रफिकभाईंना पाहिलं.

"सॉरी, सॉरी!" म्हणत त्यांनी सगळ्यांना मागं ढकललं आणि बाहेरून दार ओढून घेतलं!

* * *

या कमोडची एक गंमत आहे. उंची आपण ठरवू ती. पण एकदा लोखंडी फ्रेम भिंतीत गेली आणि वर टाइल्स लागल्या की संपलं, मग बदलायचं तर भिंत फोडा. म्हणून मी आधीच विचारते, "कोणाच्या मापानं बसवायचा?" प्रश्न साधा आहे, पण त्यावरून माझ्यासमोर घरं पेटलीत.

एक नवीन जोडपं आलं. नवरा ताडमाड, बायको त्याच्या खांद्यालाही न लागणारी. तो म्हणाला, माझे गुडघे कानाला लागतील. ती म्हणाली, माझे पाय लोंबतील.

"हप्ते मी भरतो!"

"घासणार मी!"

दुसऱ्या दिवशी ते तिघं आले. सासूबाईंनी पर्स माझ्या हातात दिली, बसल्या, दोन्ही पाय जमिनीला टेकवून पाहिले.

"हं. हेच लिहून घ्या."

* * *

संतोषभाऊंच्या घरात मात्र असलं भांडण नव्हतं. ते इथं पडेगावला घर बांधत होते आणि कमोड घेत होते वडिलांसाठी. वडील, म्हणजे अण्णा, गावी, देवगाव रंगारीला, एकटे राहायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केलेली. संतोषभाऊंना त्यांना कायमचं इकडं आणायचं होतं, म्हणून कमोड त्यांच्याच पसंतीचा. सोबत बायको मनीषा आणि लहानगी ओवी.

अण्णांनी काठी कमोडच्या खालून आरपार फिरवली.

"याच्या खाली काहीच नाय?"

"नाही अण्णा. पोछा सरळ खालून जातो."

"अन् माणूस?"

"तो वर."

"मंग ठीकंय."

ओवी तोवर चढून बसली होती. पाय हलवत म्हणाली, "आजोबा, गावाकडं असा का नाही?"

"म्हणून तर आपण तिथून संध्याकाळीच निघतो ना," मनीषा बोलून गेली. मग तिलाच कसंतरी वाटलं असावं, ती कॅटलॉग चाळायला लागली.

अण्णांनी खिशातून सुतळी काढली, ओवीला खाली उभं केलं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली.

"काय करताय, आजोबा?"

"काय नाय. केवढी झाली ते बघतो."

* * *

पडेगावचा कमोड अण्णांच्या मापानं बसला, चांगला उंच. काही दिवसांनी संतोषभाऊ पुन्हा आले. पायाखाली घ्यायला स्टूल हवं होतं.

"ताई, आमच्या तिघांचे पाय लोंबतात! अन् ज्यांच्यासाठी केलं ते वास्तुशांतीला एक रात्र राहिले, सकाळच्या एसटीनं परत. म्हणे म्हशीला माझ्याशिवाय कोणी चालत नाय." मग म्हणाले, "लई वाईट वाटतं हो."

"बुजुर्ग लोगां ऐसेच रहते," रफिकभाई म्हणाले आणि आतून प्लास्टिकचं स्टूल काढून दिलं.

* * *

परवा अण्णा एकटेच आले. काठीनं तोच कमोड दाखवला.

"ह्यो द्या."

"का अण्णा, पडेगावचा तडकला का?"

"नाय, त्यो बरा हाय. ह्यो देवगावला. भिंत नवी बांधली, गवंडी फ्रेमसाठी थांबलाय."

मला बरंच वाटलं. म्हातारा माणूस, निदान स्वतःची सोय तरी करतोय. मी पेन उचललं.

"तुमचं माप आहे माझ्याकडे. तेच लिहू?"

अण्णांनी खिशातून सुतळी काढली आणि गाठीवर बोट ठेवलं. "ह्ये लिवा."

गाठ मी ओळखली. "अण्णा, हे तर ओवीचं माप. फार खाली होईल. तुमच्या गुडघ्याला चालणार नाही. अन् तिथं राहणार तर तुम्हीच."

"मला डॉक्टरनं खुर्ची दिलीय भोकाची. माझं भागतं."

आता रफिकभाईंनाही राहवलं नाही. "लेकिन अण्णा, बच्ची तो बडी हो जाएगी ना! फिर दीवार तोडना पडेगा."

"व्हईल ना," अण्णा सुतळीची घडी करत म्हणाले. "म्हणून तं म्हणतो, टेम्पो आजच लावा."