नव्या लॅपटॉपवर जुना चेंडू

दुकानात धूळ साठते तसे किस्सेही साठतात. धूळ दिग्या ब्लोअर मारून उडवतो, किस्से मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय हलत नाहीत! दिग्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. राजारामपुरीत आमचं एकच दुकान, मधे काचेचं पार्टिशन. एका बाजूला माझं झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला त्याचं कॉम्प्युटर रिपेअरिंग. जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवून देतो, ही त्याची ख्याती पार गावोगाव.

दाराजवळच्या खुर्चीत अप्पा, आमचे वडील, साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले. पावसाळ्याआधी त्यांना लकवा मारला. बोलणं परतलं, पाय परतला, उजवा हात मात्र मांडीवर पडून. बोटं हलवत राहा, नाहीतर ती अशीच आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दाबायला दिलेला रबरी बॉल अप्पांनी डाव्या हाताने थेट रस्त्यात भिरकावला. "मी काय पाळण्यातलं पोर हाय?"

* * *

कुरुंदवाडचे एक काका क्रिकेटच्या गेमची सीडी रुमालात गुंडाळून घेऊन आले. दिग्याने ती लावली. स्क्रीनवर पाटी आली, हा प्रोग्रॅम तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. काकांनी चष्मा सावरून पाटी वाचली.

"पीसी माझा, गेम माझा, मधी बोलणारा ह्यो कोण?"

बऱ्याच खटपटीनंतर बॅट्समन मैदानात उतरला. तोंडाला नाक नाही, हाताला बोटं नाहीत, नुसते चौकोन! तरी काकांनी त्याला ओळखलं. "ह्योच! ह्यो बाऊन्सरला हमखास आउट हुतो बघा." आणि झाला की! इतकी वर्षं कपाटात पडून गड्याची खोड गेली नव्हती. मी झेरॉक्स सोडून बघतच राहिले.

* * *

गडमुडशिंगीचा सुहास मोटारींच्या शर्यतीचा गेम घेऊन आला. एंटर दाबलं, स्क्रीनवरून काहीतरी सर्रकन गेलं, आणि गेम ओव्हर!

"शर्यत कवा सुरू हुणार?"

"झाली की."

"मग आपली गाडी कुठाय?"

"शेवटी आली."

दिग्याने समजावलं. हे जुने गेम कॉम्प्युटर जेवढा पळेल तेवढे पळतात, आणि नव्या कॉम्प्युटरला दम खाणं माहीतच नाही. मग त्याने एक सॉफ्टवेअर टाकलं, जे जुन्या, थकलेल्या कॉम्प्युटरचं सोंग घेतं. गाड्या माणसाच्या चालीने धावायला लागल्या.

"एवढा शाना कॉम्प्युटर, त्याला मुद्दाम येडं करायचं व्हय?" सुहास म्हणाला. "नाद खुळा!"

* * *

आजऱ्याला काजूचा कारखाना असलेल्या एका वहिनींचा फोन आला. "ह्यो गेम सीडी मागतोय, आणि नव्या लॅपटॉपला सीडीची फटच न्हाय."

"मग काय केलंत?" दिग्याने विचारलं.

"कॅमेऱ्यासमोर धरलीया. माझा हात भरून आला की! अजून किती वेळ बघतोय ह्यो?"

फोन स्पीकरवर होता. आजारपणानंतर अप्पा त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

* * *

दोन भाऊ आले, दोघांचेही केस पिकलेले. त्यांचा गेम जंगलातल्या लढायांचा. नव्या सिस्टीमवर रंगांची पार वाट लागलेली, झाडं जांभळी, नदी गुलाबी. दिग्याने सगळी दुपार घालवून झाडं हिरवीगार केली. धाकट्याचा चेहराच पडला.

"झाडं हिरवी कुणी केली?"

त्यांच्या घरच्या जुन्या मॉनिटरची वायर बिघडलेली, त्यामुळे त्यांनी सगळ्या लढाया जांभळ्याच जंगलात केल्या होत्या! "हिरव्यात मला रस्ता घावत न्हाय," तो म्हणाला. दिग्याने मुकाट्याने झाडं पुन्हा जांभळी केली. दोघे एकाच स्टुलावर अर्धे-अर्धे बसले. थोरल्याने एका झाडावर बोट ठेवलं. "हितंच तू मला मागनं येऊन मारलंतंस."

* * *

साखर कारखान्याच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत अप्पा त्यावर एक गेम खेळायचे. खाली फळी, वर विटा. बाणाच्या बटणांनी फळी सरकवायची, तिच्यावर चेंडू झेलायचा आणि विटा फोडायच्या. दिग्याने तोच गेम शोधून काढला आणि लॅपटॉप अप्पांच्या उजव्या हाताखाली सरकवला.

"बाणाची बटणं उजवीकडंच असत्यात, त्याला मी काय करू?" वर दिग्याने हेही ऐकवलं.

चेंडू त्याने इतका सावकाश केला होता, की तो वर जाऊन खाली येईपर्यंत माझी एक झेरॉक्स निघायची. हा बोटांचा व्यायाम आहे, असं खरं सांगितलं असतं तर अप्पांनी लॅपटॉपही रस्त्यात भिरकावला असता, म्हणून सगळं खापर नव्या सिस्टीमवर. "तिच्यावर जुना गेम असा रडतच चालतोय, अप्पा. हळूहळू दुरुस्त करतो."

"एवढं महागाचं यंत्र, आणि चेंडू उचलंना?" अप्पा करवादले. पण बोट बटणावर ठेवलं. चेंडू निसटला, पुन्हा निसटला. मग एकदा फळी कणभर सरकली आणि चेंडूला लागली! मी मशीनमागे जाऊन डोळे पुसून आले.

त्यानंतर दर रविवारी दिग्या अप्पांच्या खांद्यावरून वाकायचा, "जरा दुरुस्त करतो" म्हणायचा आणि कंट्रोल धरून एफ-बारा हे बटण एकदा दाबायचा. चेंडूचा वेग किंचित वाढायचा. अप्पा सिस्टीमला शिव्या घालत विटा फोडायचे. बोटं आधी थरथरली, मग वळली, मग चक्क पळायला लागली. माझा विश्वास बसेना. अप्पांकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंचा तर मुळीच नाही!

गेल्या रविवारी दिग्या नेहमीसारखा वाकला. "अप्पा, जरा दुरुस्त..."

अप्पांनी त्याचा हात बाजूला सारला. डाव्या हाताने कंट्रोल दाबून धरलं. उजवा हात उचलला, वरच्या ओळीत नेमकं एफ-बारा गाठलं आणि टक, टक, टक, टक!

"दर आयतवारी वाकतोस," अप्पा म्हणाले. "पाठ धरंल की रं तुझी."