दोनदा परत आलेली

आमच्या हौशी नाटकमंडळात मी चोवीस वर्षं आई, सासू, शेजारीण आणि एकदा मंत्र्याची बायको अशी कामं केली. त्या वर्षी मला कुत्रीचं काम मिळालं. घरी सांगितलं तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई म्हणाल्या, "काय गो, आता हेच राहिलं होतं?" नवरा जयगडच्या बंदरावर पाळीने कामाला. तो जेवता जेवता म्हणाला, "संवाद आहेत ना? मग झालं."

संवाद बरेच होते. नाटक दोन अंकी, विनोदी. सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात पाच कुत्री राहतात आणि कुणीतरी आपल्याला घरी न्यावं म्हणून वाट बघतात. रविवारी माणसं बघायला येतात, म्हणून शनिवारी ही कुत्री तालीम करतात. मान किती कलती करायची, कुणापुढे लोळायचं, लहान मूल दिसलं की भुंकायचं नाही. माझी कुत्री सगळ्यांत म्हातारी. ती बाकीच्यांना शिकवते आणि स्वतः तिथेच राहते. शेवटच्या प्रवेशात ती पाहुण्यांभोवती धावत, लोळण घेत लांबलचक विनवणी करते. तिथे प्रेक्षक हसता हसता रडतात, असं नाटककाराने कंसात लिहून ठेवलं होतं.

मी शाळेत ग्रंथपाल होते. शाळा सुटली की घरी येऊन सासूबाईंचं सगळं करायचं, कुकर लावायचा आणि सात वाजता तालमीला पोचायचं. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांवर दोन तास रांगायचं. घरी परतल्यावर पायऱ्या चढताना मी कठडा धरून मध्येच थांबायचे. हे सगळं कशासाठी करतोय, असं मनात यायचं, पण त्यावर विचार करायलाही अंगात त्राण नसायचं.

दिग्दर्शक माझ्या मुलाच्या वयाचा, पोरगेलासा. शेपट्या लावायच्या नाहीत, असं त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तो म्हणायचा, "काकू, शेपूट दिसत नाही मला." मी कंबर हलवायचे. तो म्हणायचा, "आता कंबर दिसतेय." शेवटी एका रविवारी त्याने आम्हा पाचही जणांना खरा निवारा बघायला नेलं.

भाट्याचा पूल ओलांडून पुढे सड्याच्या उघड्या माळावर ती जागा होती. कातळावर उभारलेली पत्र्याची शेड, पुढे जाळीचं आवार. पंचविसेक कुत्री असतील. साठीच्या एक बाई ते सगळं एकट्या बघायच्या. मदतीला म्हणून कुणी येत असे, पण टिकत नसे. आम्ही गेलो तेव्हा त्या मोठ्या टोपात मासळी बाजारातून आणलेली माशांची डोकी भातात कालवत होत्या. आमची गाडी थांबल्याबरोबर सगळी कुत्री जाळीवर धावून आली. आमच्यातले दोघे लगेच वहीत टिपून घ्यायला लागले.

एक तांबूस कुत्री तेवढी उठली नाही. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, एक कान फाटलेला. ती मागच्या भिंतीला टेकून गोणपाटावर पडली होती. गेट वाजलं तेव्हा तिचा कान हलला, बस्स. मी विचारलं, "ही आजारी आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ती दोनदा जाऊन आली आहे."

मला कळलं नाही. बाईंनी हात न थांबवता सांगितलं. पावसच्या एका बागायतदाराने तिला आंब्याच्या बागेत राखणीला नेलं होतं. माकडं यायची आणि ही नुसती त्यांच्याकडे बघत बसायची. महिन्याभराने त्याने आणून सोडली. मग गावातल्या एका कुटुंबाने नेली. तिथे मुलीच्या परीक्षा होत्या आणि ही दिवसभर दाराशी रडायची. त्यांनीही परत आणली.

"पहिल्यांदा परत आली तेव्हा आठ दिवस गेटपाशी बसून होती," बाई म्हणाल्या. "जेवली नाही. दुसऱ्यांदा आली ती सरळ आपल्या गोणपाटावर जाऊन झोपली. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं."

दुसऱ्या दिवशी तालमीत मी दिग्दर्शकाला म्हटलं, "शेवटच्या प्रवेशात मी धावणार नाही. म्हातारी कुत्री अशी धावतच नाही रे. ती पडून राहते."

तो म्हणाला, "काकू, विनोदी नाटक आहे. तुम्ही पडून राहिलात तर पुढची पाच मिनिटं करायचं काय?"

"काही नाही करायचं."

"लोक उठून जातील."

मी जास्त वाद घातला नाही. दमले होते, आणि खरं तर त्याचंही बरोबर असेल, असं वाटलं. पुढचा महिनाभर मी तालमीत धावले, लोळले, विनवणी केली. हळूहळू त्याला शेपूटही दिसायला लागलं.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. पहिला अंक रंगला. हशे ठरल्या जागी आले, काही न ठरलेल्या जागीही आले. शेवटच्या प्रवेशात पाहुणे आत आले आणि मी उठायला गेले, तर उजवा गुडघा आखडला. हाताने रेटा देऊन पाहिलं, पण नाहीच. मी होते तिथेच आडवी झाले. पाहुण्याचं काम करणारा माझ्याकडे बघून घाबरला. लोक हसले, त्यांना वाटलं ही काहीतरी गंमत आहे. मी विनवणी सुरू करायला तोंड उघडलं, पण पडल्या पडल्या ती वाक्यं म्हणवेनात. मी मान तेवढी वळवली. हसू थांबलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी पाहुण्याने बिचाऱ्याने आपणच एक वाक्य बनवलं, "ही झोपली आहे वाटतं," आणि तो दुसऱ्या कुत्र्याला घेऊन गेला. पडदा पडला.

विंगेत मला दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं. दिग्दर्शकाचे डोळे ओले होते. "काकू, तुम्ही शेवटी तुमचंच खरं केलंत. पण हेच ठेवू या," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, गुडघा धरला माझा." त्याला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. जो तो मला त्या जागेबद्दल शाबासकी देतो आणि मी गुडघ्याचं सांगितलं की मी विनयाने बोलते आहे, असं समजतो.

नाटक बघून चार-पाच कुटुंबं सड्यावर गेली, असं बाईंनी फोनवर सांगितलं. तीन पिल्लं गेली. तांबूस कुत्रीबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

तो सबंध आठवडा माझ्या मनात तेच चाललं होतं. नवऱ्याला सुट्टी होती त्या दिवशी मी तिला घरी आणायचा विषय काढला. तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, "आणू या. पण बघणार कोण? मी ड्यूटीवरून येतो तो झोपतो. तू शाळेत, नाहीतर आईपाशी. आपल्याला नाही झेपलं, तर तिसऱ्यांदा सोडायला कोण जाईल? तू जाशील?"

मी जाऊ शकले नसते. तो विषय तिथेच संपला. मला त्याचा राग आला नाही. थोडं हायसंच वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

त्यानंतर रविवारी दुपारी शेजारीण सासूबाईंपाशी बसायला येते, तेवढ्या वेळात मी सड्यावर जाऊ लागले. पहिल्यांदा गेले तेव्हा तांबूस कुत्रीपाशी जमिनीवर बसले. ती उठली नाही, दूरही सरली नाही. तासाभराने मी बाईंना विचारलं, "माझ्या बसण्याने तिला काही वाटत असेल का हो?"

"तिचं मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही इथे आहात तोवर मी जरा पाठ टेकते."

शेडच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची होती. दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून त्या बसल्या आणि दोन मिनिटांत घोरायला लागल्या. इतक्या वर्षांत दिवसा डोळा लागल्याचं आठवत नाही, असं त्यांनी उठल्यावर सांगितलं. आता दर रविवारी असंच चालतं. त्या झोपतात. मी भात निवत ठेवते, पाण्याची भांडी भरते आणि कुणी बघायला आलंच तर गेट उघडते. आवाज न करता उघडते, म्हणजे बाईंची झोप मोडत नाही.